व्हीएमच्या प्रतीसोबत गेलेला पासवर्ड

पुण्यातील एका सनदी लेखापालांच्या कार्यालयात मी संगणक आणि नेटवर्कची व्यवस्था पाहतो. तेथे विंडोज सर्व्हर २०१९ वर अशिलांच्या कागदपत्रांचा सामायिक फोल्डर आहे आणि शेजारच्याच यंत्रावर उबंटू या लिनक्स प्रणालीची एक व्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल मशीन (यंत्राच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेला दुसरा संगणक), चालते. दिवसभरात स्कॅन झालेले कागद रात्री ‘आवक’ फोल्डरमधून वाचायचे, टेसरॅक्ट या मुक्तस्रोत प्रणालीच्या मदतीने त्यांतील मराठी व इंग्रजी मजकूर ओळखायचा आणि शोध घेता येईल अशा पीडीएफ फाइली ‘जावक’ फोल्डरमध्ये ठेवायच्या, एवढेच या व्हीएमचे काम. विवरणपत्रांच्या हंगामात रोज शेकडो पाने येतात. एखाद्या अशिलाचा तीन वर्षांपूर्वीचा भाडेकरार नाव टाइप करून क्षणात सापडावा, यासाठी ही सगळी मांडणी आहे.

एका वर्षी जूनमध्ये हे रात्रीचे काम फार संथ झाले. बाहेरच्या एका तंत्रज्ञाने व्हीएम तपासून देण्याची तयारी दाखवली, तेव्हा मी तिच्या डिस्कची पूर्ण प्रत पोर्टेबल हार्ड डिस्कवर काढून त्याच्या हवाली केली. कागदपत्रे सर्व्हरवर आहेत, व्हीएममध्ये काहीच साठत नाही, तेव्हा काळजीचे कारण नाही, असे मी मनाशी धरून चाललो होतो. त्याच संध्याकाळी दुसऱ्या एका कामासाठी मूळ व्हीएममधील एफएसटॅब ही फाइल उघडली. यंत्र सुरू होताना कोणती डिस्क आणि कोणता फोल्डर कोठे जोडायचा याची यादी या फाइलमध्ये असते. सामायिक फोल्डरच्या ओळीत सर्व्हरचा आयपी पत्ता होता, त्यापुढे वापरकर्ता म्हणून सर्व्हरच्या मुख्य प्रशासकाचे खाते होते आणि त्यापुढे त्या खात्याचा पासवर्ड होता, जसाच्या तसा, कोणालाही वाचता येईल असा. काही वर्षांपूर्वी घाईत मीच ती ओळ लिहिली होती.

व्हीएम ही शेवटी एक फाइल असते, ही गोष्ट मला माहीत होती. पण तिचा अर्थ त्या क्षणी नीट उमगला. खोलीतला सर्व्हर कोणी उचलून नेला तर लगेच लक्षात येते. व्हीएमची प्रत निघाली, तर मूळ व्हीएम जागेवर तशीच चालू राहते आणि तिच्या पोटात ठेवलेले प्रत्येक गुपित प्रतीबरोबर बाहेर गेलेले असते.

मी तडक आमच्या ज्येष्ठ भागीदारांच्या खोलीत गेलो. “सर, माझ्याकडून चूक झाली आहे. आज जी डिस्क बाहेर दिली, तिच्यात सर्व्हरचा मुख्य पासवर्ड आहे.”

त्यांनी विचारले, “अशिलांचे कागद गेलेत का?”

“कागद गेलेले नाहीत, सर. पण त्या पासवर्डने सगळे कागद उघडता येतात.”

“मग आधी पासवर्ड बदला. काय, कसं झालं, ते उद्या सविस्तर बोलू.”

पासवर्ड बदलायला दोन मिनिटे लागली आणि त्याचे परिणाम निस्तरायला पुढचे दोन दिवस गेले. ज्या खात्याने फक्त सर्व्हरची देखभाल व्हायला हवी, तेच खाते स्कॅनरमध्ये, रात्रीच्या बॅकअपमध्ये आणि स्वागतकक्षातील एका जुन्या संगणकातही घातलेले होते. जे जे बंद पडेल त्याची नोंद करत गेलो. एकच पासवर्ड किती ठिकाणी पसरला आहे हे मोजण्याचा याहून खात्रीचा मार्ग मला आजही माहीत नाही. तंत्रज्ञाने दुसऱ्या दिवशी डिस्क परत आणून दिली. त्याच्याविषयी शंका घेण्याजोगे काहीही घडले नव्हते. तरीही ती प्रत आणखी कोठे उतरवली गेली का, हे कोणालाच सिद्ध करता आले नसते, म्हणून ती बाहेरच आहे असे गृहीत धरून मी पुढची आखणी केली.

पहिली दुरुस्ती सगळीकडे सांगितली जाते तीच होती. वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड वेगळ्या क्रेडेन्शियल्स फाइलमध्ये ठेवायचे, ती फाइल रूटच्या, म्हणजे लिनक्सच्या सर्वाधिकारी खात्याच्या, मालकीची करून तिला ६०० परवानगी (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) द्यायची आणि एफएसटॅबमध्ये केवळ त्या फाइलचा पत्ता लिहायचा. एफएसटॅब व्हीएमवरील कोणत्याही वापरकर्त्याला वाचता येते, क्रेडेन्शियल्स फाइल फक्त रूटला. याचा एक व्यावहारिक फायदाही झाला. माउंटचे, म्हणजे फोल्डर जोडण्याचे, पर्याय स्वल्पविरामाने वेगळे केले जातात, त्यामुळे पासवर्डमध्ये स्वल्पविराम आला तर त्या ओळीचा अर्थ बिघडतो; वेगळ्या फाइलमध्ये ती अडचण राहत नाही. पण माझ्या मूळ प्रश्नाचे उत्तर येथे नव्हते. ज्याच्या हाती संपूर्ण डिस्कची प्रत आहे, तो ती दुसऱ्या यंत्राला जोडून स्वतः रूट होऊ शकतो आणि मग ६०० या आकड्याला अर्थ उरत नाही. व्हीएमची डिस्कच कूटबद्ध करण्याचाही विचार केला. मात्र तसे साध्या पद्धतीने केल्यास प्रत्येक वेळी यंत्र सुरू होताना कोणीतरी परवलीचा शब्द टाइप करायला हवा, आणि आमच्या भागात पावसाळ्यात विजेचा लपंडाव रात्रीच चालतो. पहाटे दोनला वीज आल्यावर शब्द टाइप करायला कार्यालयात कोण असणार?

म्हणून गुपित कसे लपवायचे हा विचार थोडा बाजूला ठेवून, ते गुपित बाहेर गेलेच तर त्याने काय काय उघडता येईल, याकडे वळलो. सर्व्हरवर फक्त या व्हीएमसाठी वेगळे खाते उघडले. त्या खात्याला सर्व्हरवर प्रत्यक्ष बसून किंवा रिमोट डेस्कटॉपने लॉगिन करण्यास मनाई केली. ‘आवक’ फोल्डरवर केवळ वाचण्याची परवानगी दिली, ‘जावक’वर लिहिण्याची, आणि बाकी कशावरही काहीच नाही. विंडोजवर अशा वेळी दोन थर असतात, शेअरची (नेटवर्कवरील सामायिक फोल्डरची) परवानगी आणि एनटीएफएसची (डिस्कवरील फाइलींची) परवानगी, आणि नेटवर्कवरून येणाऱ्याला त्या दोहोंतली जी अधिक कडक असेल ती लागू होते. आमच्याकडे शेअरवर ‘सर्वांना पूर्ण मुभा’ अशी जुनी नोंद होती, ती काढली. लिनक्सच्या बाजूलाही ‘आवक’ केवळ वाचनासाठी जोडला आणि दोन्ही फोल्डरमधून कोणताही प्रोग्राम चालणार नाही असे पर्याय घातले. पण हे नीट समजून घ्यायला हवे की लिनक्सकडील ‘फक्त वाचन’ ही त्या यंत्रापुरती शिस्त आहे. व्हीएमवर ज्याचा ताबा आहे तो ते एका ओळीत बदलू शकतो. खरी हद्द सर्व्हरनेच आखावी लागते.

फायरवॉलही आवळली. सामायिक फोल्डर ज्यातून उघडतात त्या सर्व्हरच्या ४४५ क्रमांकाच्या पोर्टवर कार्यालयातील ठरावीक आयपी पत्त्यांनाच प्रवेश ठेवला. पाहुण्यांच्या वायफायवरूनही हे पोर्ट दिसत होते, हे तपासताना कळले आणि त्या रात्री मला फारशी झोप लागली नाही.

यानंतर स्कॅनरचा प्रश्न आला. जुन्या एफएसटॅबमध्ये एसएमबीची, म्हणजे नेटवर्कवरून फाइली देण्याघेण्याच्या भाषेची, आवृत्ती १.० अशी स्पष्ट लिहिलेली होती. सर्व्हर बसवला तेव्हा ही आवृत्ती मुळात बंद होती. कार्यालयातील मोठ्या स्कॅनरला दुसरी कोणतीही येत नव्हती म्हणून ती मुद्दाम चालू केली गेली, आणि व्हीएमही त्याच ओळीवर राहिली. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर प्रणालीने जगभर जो हाहाकार माजवला, तो याच एसएमबी १ मधील दोषाचा फायदा घेऊन. मायक्रोसॉफ्टने त्या दोषाची दुरुस्ती त्याआधी मार्चमध्येच दिली होती. त्याच वर्षी लिनक्सच्या कर्नलच्या, म्हणजे गाभ्याच्या, ४.१३ आवृत्तीपासून एसएमबी १ ही मूळ निवड राहिली नाही. लिनक्सवर एसएमबीची सेवा देणाऱ्या सांबा या प्रकल्पानेही २०१९ मधील ४.११ आवृत्तीत ती मुळातूनच बंद ठेवली. एवढे सगळे होऊनही आमच्या सर्व्हरवर ती एका स्कॅनरसाठी जिवंत होती.

स्कॅनरसाठी फर्मवेअरची, म्हणजे त्याच्या अंगभूत प्रणालीची, नवी आवृत्ती उपलब्ध होती आणि ती घातल्यावर त्याला एसएमबी ३ येऊ लागले. मी समाधानाने सर्व्हरवरील एसएमबी १ काढून टाकले आणि घरी गेलो. सकाळी पाहतो तर रात्रीचे काम झालेलेच नाही. नोंदीत त्रुटी क्रमांक ११२ होता: ‘होस्ट इज डाउन’, म्हणजे समोरचे यंत्र बंद आहे. सर्व्हर तर व्यवस्थित चालू होता, पिंगला उत्तर देत होता, सगळ्यांचे फोल्डर उघडत होते. अर्धा तास केबल आणि स्विच तपासण्यात गेल्यावर लक्षात आले की व्हीएम अजूनही १.० मागते आहे. सर्व्हर ती भाषा बोलायलाच तयार नसतो, तेव्हा लिनक्सकडे सांगण्यासारखे एवढेच असते की समोरून कोणी बोलत नाही. आवृत्ती ३.१.१ लिहिताच फोल्डर जोडला गेला. ही त्रुटी दिसल्यास तारा तपासण्याआधी आवृत्ती तपासावी, असे मी आता नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगतो.

त्याच सकाळी आणखी एक गोष्ट आढळली. फोल्डर जोडला गेला नव्हता, तरी मजकूर ओळखणारा प्रोग्राम सुरू झाला होता आणि त्याने काही तात्पुरत्या फाइली व्हीएमच्या स्वतःच्या डिस्कवर, ‘जावक’ नावाच्या रिकाम्या जागेत लिहिल्या होत्या. ‘व्हीएममध्ये काहीच साठत नाही’ हे माझे गृहीतक असे खोटे ठरले. त्या डिरेक्टरीत फोल्डर जोडलेला नसताना कोणालाही लिहिता येऊ नये म्हणून तिला अपरिवर्तनीय केले आणि माउंट झाल्याशिवाय काम सुरूच होणार नाही अशी अट सिस्टमडी या लिनक्सच्या सेवा सुरू करणाऱ्या व्यवस्थेत घातली.

आता प्रवासातल्या मजकुराकडे येतो. सर्व्हर ते व्हीएम हे अंतर एका खोलीतले असले, तरी मधला स्विच सगळ्या मजल्याचा आहे. मी एक चाचणी फाइल तयार केली, तिच्यात बनावट नाव आणि पॅन क्रमांकाच्या घडणीचा एक खोटा क्रमांक लिहिला, पाच अक्षरे, चार अंक, एक अक्षर. मग नेटवर्कवरून जाणारा मजकूर पकडून दाखवणारे टीसीपीडंप हे साधन चालू करून ती फाइल ‘आवक’मधून वाचली. पडद्यावर निरर्थक चिन्हांच्या ओळी सरकत होत्या आणि त्यांच्या मध्येच ती दहा अक्षरे लख्ख दिसली. मी पडदा थांबवून सरांना बोलावून आणले. ते खुर्चीत न बसता वाकून वाचत राहिले आणि म्हणाले, “म्हणजे आपल्या अशिलांचं सगळं असंच जातंय?” आवृत्ती ३.१.१ असली म्हणजे मजकूर आपोआप झाकला जातो असा अनेकांचा समज असतो, माझाही होता. संदेशांवरील डिजिटल स्वाक्षरीमुळे वाटेत कोणी मजकूर बदलला तर ते कळते, वाचला तर कळत नाही. मजकूर झाकण्यासाठी कूटबद्धीकरण वेगळे मागावे लागते. लिनक्सच्या माउंटमध्ये त्या पर्यायाचे नाव ‘सील’ आहे, आणि सर्व्हरवर शेअरसाठी कूटबद्धीकरण सक्तीचे करता येते. मी दोन्ही केले, कारण एखाद्या दिवशी कोणी एफएसटॅबमधून तो शब्द काढला तरी सर्व्हरने उघड्यावर फाइल देता कामा नये. पुन्हा तीच चाचणी घेतली. या वेळी ती दहा अक्षरे कोठेही सापडली नाहीत.

परंतु आधीच संथ असलेले काम आता आणखी संथ झाले. पहाटे संपणारे काम सकाळी कार्यालय उघडल्यानंतरही चालूच असे. कूटबद्धीकरणाचा भार एवढा असायला नको होता, कारण आजच्या बहुतेक प्रोसेसरांमध्ये एईएस या कूटबद्धीकरणाच्या पद्धतीसाठी वेगळ्या सूचना असतात. व्हीएममध्ये प्रोसेसरची माहिती पाहिली तर त्या यादीत एईएसचा उल्लेखच नव्हता. व्हीएम चालवणाऱ्या आमच्या केव्हीएम या प्रणालीवर व्हीएमला जो प्रोसेसर दाखवला जात होता, तो एक जुना, सर्वसाधारण नमुना होता. खऱ्या प्रोसेसरची ही क्षमता व्हीएमपर्यंत पोहोचतच नव्हती. प्रोसेसरचा प्रकार ‘होस्ट’ केला आणि व्हीएम पुन्हा सुरू केली. त्या रात्री काम पूर्वीपेक्षाही लवकर संपले, कारण मजकूर ओळखण्याच्या गणितालाही प्रोसेसरच्या इतर नव्या सूचनांचा लाभ मिळाला. ज्या संथपणासाठी मी डिस्क बाहेर पाठवली होती, त्याचे कारण एका ओळीच्या सेटिंगमध्ये होते.

एवढे झाल्यावरही क्रेडेन्शियल्स फाइलमधील पासवर्ड तसाच होता, माणसाने लिहिलेला आणि कधीही न बदलणारा. तो घालवण्यासाठी केर्बेरॉसकडे वळलो. एमआयटीच्या अथीना प्रकल्पात जन्मलेली ही ओळख पटवण्याची पद्धत विंडोज डोमेनच्या, म्हणजे कार्यालयातील खाती आणि यंत्रे एका ठिकाणाहून सांभाळणाऱ्या व्यवस्थेच्या, मुळाशी आहे. तिच्यात पासवर्ड नेटवर्कवरून जात नाही. ओळख पटल्यावर ठरावीक मुदतीचे तिकीट मिळते आणि ते दाखवून फोल्डर उघडतो. व्हीएमला डोमेनमध्ये सामील केले, तिचे स्वतःचे यंत्र-खाते तयार झाले आणि त्या खात्याची गुप्त किल्ली कीटॅब नावाच्या फाइलमध्ये ठेवली गेली. या किल्लीमागचा पासवर्ड यंत्र आणि डोमेन आपापसांत ठरवतात, कोणीही तो वाचलेला किंवा टाइप केलेला नसतो.

लिहायला हे चार ओळींचे असले तरी प्रत्यक्षात चार दिवस गेले. पहिला अडथळा असा की एफएसटॅबमध्ये आयपी पत्ता होता आणि केर्बेरॉसचे तिकीट नावावर मिळते. परिणामी त्रुटी १२६, ‘रिक्वायर्ड की नॉट अव्हेलेबल’, म्हणजे हवी ती किल्ली उपलब्ध नाही. पत्त्याऐवजी सर्व्हरचे पूर्ण नाव लिहिले, तर व्हीएमला ते नाव सापडेना, कारण ती राउटरला विचारत होती. तिला डोमेनच्या डीएनएसकडे, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेकडे, वळवावे लागले. मग फोल्डरवर यंत्र-खात्याला परवानगी द्यायला गेलो, तर विंडोजच्या त्या चौकटीत व्हीएमचे नाव टाइप केले तरी ते सापडत नसे. मी नाव तीन वेळा तपासले, व्हीएम डोमेनमध्ये खरोखर दिसते का हेही पाहिले. अखेर कळले की त्या चौकटीत ‘ऑब्जेक्ट टाइप्स’ या बटणामागे एक यादी असते आणि तिच्यात ‘कॉम्प्युटर्स’वर मुळात खूण नसते. खूण केली आणि नाव लगेच आले. जुने खाते आणि क्रेडेन्शियल्स फाइल त्या दिवशी काढून टाकली.

पंधरा दिवसांनी वीज गेली, यूपीएसने होस्टला, म्हणजे व्हीएम ज्यावर चालते त्या यंत्राला, व्यवस्थित थांबवले आणि व्हीएम आहे त्या स्थितीत जतन झाली. वीज आल्यावर ती जेथे थांबली होती तेथूनच जागी झाली, घड्याळासकट. तिच्या लेखी अजून पावणेनऊच वाजले होते आणि बाहेर साडेअकरा झाले होते. केर्बेरॉसला पाच मिनिटांहून अधिक फरक चालत नाही, त्यामुळे सर्व्हरने तिला दारातूनच परत पाठवले. क्रोनी ही वेळ जुळवणारी सेवा चालू होती; पण तिच्या मूळ रचनेत पहिल्या तीन जुळवण्यांनंतर घड्याळ एकदम पुढे ढकलले जात नाही, हळूहळू सरकवले जाते आणि पावणेतीन तासांची भरपाई अशाने लवकर होत नाही. केव्हाही मोठा फरक आढळल्यास एका झटक्यात वेळ दुरुस्त करावी, असे तिला सांगितले. तेव्हापासून ही तक्रार आलेली नाही.

यंत्र-खात्याचा पासवर्ड व्हीएमवरील एसएसएसडी ही डोमेनशी जोडणारी सेवा ३० दिवसांनी स्वतःहून बदलते. हे वाचल्यापासून माझ्या मनात एक प्रयोग घोळत होता आणि ऑगस्टअखेर मी तो केला. चालू व्हीएम बंद केली आणि दीड महिन्यापूर्वी काढून ठेवलेली तिची प्रत सर्व्हरच्याच नेटवर्कवर सुरू केली. घड्याळ बरोबर होते, नाव तेच, आयपी पत्ता तोच, कीटॅब जागेवर. तिकीट मागितले आणि उत्तर आले: ‘प्रीऑथेंटिकेशन फेल्ड’, म्हणजे ओळख पटली नाही. त्या प्रतीतली किल्ली मधल्या काळात निकामी झाली होती. मग आठवड्यापूर्वीची प्रत सुरू केली. ती मात्र निमूट जोडली गेली. तिला ‘आवक’ वाचता आले, ‘जावक’मध्ये लिहिता आले, त्यापलीकडचा एकही फोल्डर उघडला नाही.

हे दोन्ही निकाल मी कागदावर लिहून सरांपुढे ठेवले. ते म्हणाले, “तो आठवडासुद्धा नको.” त्यालाही उपाय होता. यंत्र-खाते सांभाळणाऱ्या एडीसीएलआय या साधनाला पासवर्डचे आयुष्य शून्य दिवस आहे असे सांगितले, की ते त्याच क्षणी यंत्र-खात्याचा पासवर्ड बदलते आणि नवी किल्ली कीटॅबमध्ये लिहिते. आता व्हीएमची कोणतीही प्रत कार्यालयाबाहेर जायची असेल, तर तिच्यातली कीटॅब आधी पुसली जाते, मूळ व्हीएमवर पासवर्ड लगेच बदलला जातो, आणि जुनी किल्ली खरोखर नाकारली जाते हे पाहूनच डिस्क हाती दिली जाते. आवक-जावक नोंदवहीत आमच्या कार्यालयातील काका टपालाच्या नोंदींसाठी जे रकाने आखतात, त्यांच्या शेजारी त्यांनी यासाठी एक नवा रकाना आखून दिला आहे. त्यात डिस्क कोणी नेली, केव्हा नेली आणि किल्ली किती वाजता बदलली हे लिहून मी सही करतो.